मौजनगरीला दिवस किती

गिरिधर परतूरकर जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत उगवण तपासायच्या कामावर होते. पोत्यातून मूठभर बी काढायचं, त्यातले शंभर दाणे ओल्या कागदावर मांडायचे, असे चार कागद करायचे, गुंडाळून कपाटात ठेवायचे आणि बारा दिवसांनी कोंब मोजायचे. त्या चारशे दाण्यांनी हो म्हटलं की अख्ख्या गोदामानं मान डोलवायची. कुजका दाणा निघाला तरी तो उचलून फेकायचा नाही, मोजायचाच. फेकला की तपासणी खोटी. काम एकदम चोख, साहेब खूश. तक्रार एवढीच होती, की हा गृहस्थ संध्याकाळी स्कूटरवरून घरी यायचा तेव्हा ते ओले कागद डोक्यात तसेच गुंडाळलेले असायचे.

घरात कुठलीही वस्तू चार वेळा तपासल्याशिवाय येत नसे. ती स्कूटर घेण्याआधी प्रयोगशाळेतल्या वसंताची स्कूटर त्यांनी चार रविवार चालवून पाहिली. पेट्रोल अर्थातच वसंताचं. जुन्या जालन्यातला टरबूजवाला तर यांना लांबून पाहूनच मालावर फडकं टाकायचा.

त्यांच्या बायकोला, प्रेमलाला, याचं नवल नव्हतं. तिला स्वतःलाही चारदा तपासलेलं होतं. १९८३ साली परतूरकर मंडळी कुंभार पिंपळगावला मुलगी पाहायला आली ती एकदा वडिलांसोबत, एकदा मामांसोबत, एकदा मित्रासोबत आणि शेवटी खात्री करायला. पोहे परतून परतून प्रेमलाच्या आईचा हात दुखायला लागला. चौथ्या खेपेला गिरिधररावांनी मोठ्या मनानं विचारलं, "तुमची काही अपेक्षा?"

"मला एकदा समुद्र दाखवा," प्रेमला म्हणाली.

सगळी बैठक हसली. पण तिनं ते थट्टेत म्हटलं नव्हतं. त्या पोरीनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गोदावरीचा पूर, तोही गढूळ. शाळेत भारताचा नकाशा काढताना बाकीच्या मुली समुद्राच्या जागी चार निळ्या रेघा ओढून मोकळ्या व्हायच्या; ही मात्र कडेकडेनं निळा खडू झिजेपर्यंत रंगवत बसायची. गुरुजी ओरडायचे, अगं, परीक्षा जमिनीची आहे! त्या निळ्या रंगात एकदा पाय बुडवून उभं राहायचं, एवढंच तिला आयुष्यात हवं होतं. बाकी संसार काय, होतोच.

गिरिधरराव तेव्हा म्हणाले होते, "बघू."

आणि सोळा वर्षं ते बघत होते, बिचारे.

१९९९ च्या दिवाळीत एकदाचा योग आला. कंपनीनं रजा दिली. रात्रीच्या रेल्वेनं जायचं, रात्रीच्याच रेल्वेनं यायचं, मध्ये मुंबईचे तीन दिवस. तेवढ्यात वसंतानं कुठूनसं एक गुळगुळीत रंगीत पत्रक आणून दिलं. मुंबईजवळ म्हणे मौजनगरी नावाचं पार्क आहे, बेचाळीस पाळणे आहेत, आणि तिकिटं तीन तऱ्हेची: एक दिवसाचं, दोन दिवसांचं, तीन दिवसांचं. बारा वर्षांची उमा ते पत्रक उशाखाली घेऊन झोपायला लागली. लेकीचा हट्ट प्रेमलाला मान्यच होता. तिनं बोटांवर हिशेब करून टाकला.

"एक दिवस मौजनगरी, एक दिवस समुद्र, आणि एक दिवस तुमच्या 'बघू'साठी ठेवा. झालं?"

"असं कसं झालं?" गिरिधररावांनी चष्मा पुसला. "बेचाळीस पाळण्यांना वेळ किती लागतो ते माहीत आहे तुला? अंदाजपंचे काही ठरवायचं नाही. आधी तपासणी."

झालं! निघाली तपासणी. जुन्या जालन्यात मैदानावर दिवाळीचा मेळा लागला होता. तिथल्या आकाशपाळण्यावर गिरिधररावांनी ओळीनं चार संध्याकाळी अख्खं कुटुंब बसवलं. स्वतः खाली उभे, एका हातात वही, दुसऱ्या हातात मनगटावरून काढलेलं घड्याळ. रांगेत किती वेळ, बसायला किती, फिरायला किती, उतरायला किती, सगळी नोंद. पहिल्या दिवशी उमा खिदळली, दुसऱ्या दिवशी हसली, तिसऱ्या दिवशी "आज राहू द्या ना बाबा" म्हणाली आणि चौथ्या दिवशी तिनं भेळ उलटून टाकली. ती मिनिटंही वहीत गेली. पाळणेवाल्याला वाटलं, हे पालिकेचे कुणी साहेब आहेत. त्यानं आपलं पाळण्याला घाईघाईनं तेल घातलं.

खरी गंमत केली गिरिधररावांच्या आईनं, दुर्गाबाईंनी. वय वर्षं पासष्ट, नऊवारी लुगडं, गुडघे कुरकुरणारे. पाळणा थांबला तरी त्या उतरेनात.

"आई, उतर की आता. जल्दी!" खालून गिरिधरराव.

"थांब रे बाबा! लुगडं अडकून राह्यलं ना इथं! आन् पाय पोचत न्हाई खाली. तुला घड्याळाची पडलीय, मला माझ्या हाडांची!"

अख्खा पाळणा अधांतरी लटकलेला, वरचे लोक शिव्या घालतायत आणि हा पठ्ठ्या लिहितोय, 'उतरणे, अकरा मिनिटे'.

रात्री जेवणं झाल्यावर सरासरी निघाली. एका पाळण्याला तेवीस मिनिटं. तेवीस गुणिले बेचाळीस, नऊशे सहासष्ट मिनिटं. मौजनगरी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा उघडी, म्हणजे दिवसाला चारशे ऐंशी. दोन दिवसांचे नऊशे साठ.

"सहा मिनिटं उरतात," गिरिधरराव गंभीर झाले. "म्हणजे तीन दिवसांचं तिकीट घ्यावं लागतंय."

प्रेमलाच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "सहा मिनिटांसाठी तिसरा दिवस?"

"आकडाच तसा आहे."

"मंग एक पाळणा सोडा की! एकेचाळिसात बसली म्हणून काय पोरगी वाया जाणार आहे?"

"दाणा वगळता येत नसतो, प्रेमला. एक वगळला की सगळी तपासणी खोटी."

"आणि आत्याबाईंची ती अकरा मिनिटं? त्या काय बेचाळीस पाळण्यांत बसणार आहेत?"

"नमुन्यात आल्या ना? मग मोजायच्या."

घ्या! सासूला कुजका दाणा म्हणायचं तेवढं राहिलं होतं, तेही झालं. दुर्गाबाई भिंतीला टेकून सुपारी कातरत होत्या. त्यांनी एकदा मुलाकडं पाहिलं, एकदा सुनेकडं, आणि पुन्हा अडकित्ता चालवला. प्रेमलानं ताट मोरीत आपटलं. तिला रडू येत होतं आणि रडायचं कारण सांगायचं तर हसू व्हायचं. सहा मिनिटांनी माझा समुद्र खाल्ला, असं कुणाला सांगणार?

तर निघाली वरात. दोन पिशव्या कपड्यांच्या आणि तीन पिशव्या खाण्याच्या: दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. तीन दिवसांची बेगमी. मौजनगरीच्या फाटकावर चौकीदारानं पिशवीत हात घातला आणि सांगितलं, बाहेरचं खाणं आत चालत नाही. आता दशम्या टाकून देणारा माणूस मराठवाड्यात अजून जन्मायचा आहे. चौघं जण फाटकाबाहेर फुटपाथावर बसले आणि संपतील तेवढ्या दशम्या तिथंच संपवल्या. चौकीदारालाही दोन दिल्या; त्यानं चटणी आणखी मागून घेतली. उरलेल्या पिशव्या त्याच्याच खुर्चीखाली ठेवून मंडळी आत शिरली तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि पोटं अशी टम्म होती, की पाळण्यात बसणं दूर, चालवतही नव्हतं.

आत गेल्यावर कळलं ते असं. बेचाळिसांपैकी एकोणीस पाळणे चार फुटांखालच्या पोरांसाठी. उमा पावणेपाच फूट. उरलेल्या तेविसांतल्या निम्म्यांकडं तिनं नुसतं पाहिलं आणि मेळ्यातली चौथी संध्याकाळ आठवून तोंडावर हात ठेवला. सुट्टी संपत आलेली, त्यामुळं रांगा नव्हत्या. चार वाजायच्या आत पोरीला हवं ते सगळं बसून झालं, त्यातल्या एका होडीत तर ती सातदा बसली, आणि म्हणाली, "बाबा, आता?"

बाबांनी वही उघडली, मिटली. पत्रकात न लिहिलेल्या उंचीला तपासणी तरी काय करणार?

"मग उद्या समुद्र," प्रेमला म्हणाली.

"उद्याचं तिकीट घेतलेलं आहे."

दुसऱ्या दिवशी ते परत तिथंच. चार माणसं, एक बाक. पाळणे फिरत होते, हे पाहत होते. दुपारी उमानं बाकावरच्या मुंग्या मोजल्या. शेवटी रक्त बापाचंच. तीनच्या सुमाराला गिरिधररावांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी प्रेमलाला पार्कातल्या सगळ्यात उंच आकाशपाळण्यात बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. पाळणा वर गेला. गिरिधररावांनी एका हातानं दांडी घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट लांब केलं. दूर, इमारतींच्या पलीकडं, एक करडी-निळी रेघ होती.

"तो बघ समुद्र! दिसला ना? बराबर दिसतोय. झालं तुझं काम."

आणि त्यांनी तिथंच, वर, खिशातून पेन काढून वहीत बरोबरची खूण केली.

प्रेमलानं ती रेघ पाहिली. वर्गातल्या मुली काढायच्या तशीच होती, घाईघाईनं ओढलेली. असा संताप तिला सोळा वर्षांत आला नव्हता. नवरा वाईट नव्हता, हेच तर दुखणं होतं. वाईट असता तर भांडता आलं असतं. या माणसानं तिची इच्छा सोळा वर्षं नीट लक्षात ठेवली होती आणि आज ती निकालात काढली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला फाटकापाशी गिरिधरराव खिशातली तिकिटं हातात घेऊन पुढं झाले. मागं वळून पाहतात तर प्रेमला चौकीदाराशी बोलत होती.

"दादा, इथून समुद्रावर कसं जायचं?"

"ती काय समोर बस. शेवटच्या थांब्याला उतरा."

"अगं, पण तिकीट!" गिरिधरराव ओरडले. "सहा मिनिटं बाकी आहेत ना!"

"ती तुम्ही घ्या," प्रेमला म्हणाली. "चल उमा." आणि मग सासूकडं वळून, जरा नरमाईनं, "आत्याबाई, तुम्ही बसा यांच्यासोबत. बाकावर सावली आहे. आम्ही दुपारपर्यंत येतो."

दुर्गाबाईंनी ओचा खोचला. "मी कशाला बसू? मी पण येते."

"वाळूत चालायचं आहे, आत्याबाई. तुमचे गुडघे..."

"गुडघ्याचं मी बघते. मला तरी कुणी दाखवला गं समुद्र? तू निदान मागितला तरी. आमच्या वक्ताला मागायचं असतं हेच ठाऊक न्हवतं."

प्रेमला त्यांच्याकडं बघतच राहिली. सोळा वर्षं एका स्वयंपाकघरात काढली, आणि हे कधी तोंडातून आलं नव्हतं. तिनं सासूचा हात धरला. त्या बसमध्ये चढायला दुर्गाबाईंना किती वेळ लागला ते कुणी मोजलं नाही.

गिरिधरराव फाटकात चार तिकिटं घेऊन उभे राहिले. वाया जाऊ नये म्हणून एकटेच आत गेले. हवी होती ती सहा मिनिटं त्यांनी एका पाळण्यात बसून घेतली आणि मग दुपारी चारपर्यंत बाकावर बसून राहिले. आजूबाजूच्या पोरांना वाटलं, काका हरवलेत.

बायका परत आल्या तेव्हा तिघींचे पाय वाळूनं माखलेले होते. उमाच्या फ्रॉकच्या घेरात शिंपले. प्रेमलाची साडी गुडघ्यापर्यंत ओली, आणि दुर्गाबाईंचं नऊवारी तर कमरेपर्यंत भिजून पायाला चिकटलेलं. त्या चक्क पाण्यात बसल्या होत्या, आजी उठेचना, असं उमा सांगत होती. दुर्गाबाई लहान पोरीसारख्या ओठ चाटून बघत होत्या. "खारट हाय रे, गिरधर! लोक म्हणायचे ते खरं हाय. बिलकुल खारट!"

गिरिधररावांचा चेहरा उतरला होता. दिवसभर एकटं बसल्यावर माणसाला काहीतरी कळतं, पण ते बोलायचं कसं हे उगवण तपासणीत शिकवत नाहीत. त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. वही काढली, पेनचं टोपण काढलं आणि हळू आवाजात विचारलं, "समुद्राला... किती वेळ लागला?"

"सोळा वर्षं," प्रेमला म्हणाली.

पेन थांबलं. त्यांनी बायकोकडं पाहिलं, मग खाली, तिच्या वाळूच्या पायांकडं. ती काही हसत नव्हती. दाणा वगळता येत नसतो. त्यांनी लिहिलं, 'सोळा वर्षे'.

"आन् माझी लिही," दुर्गाबाई लुगडं पिळता पिळता म्हणाल्या. "पासष्ट."

तेही त्यांनी लिहिलं. त्या दोन आकड्यांखाली रेघ ओढली. पण सरासरी काढायची त्यांची हिंमत काही झाली नाही.