भाकरीसारखा पलटलेला रुपया

माझी खोड अशी, की एकदा डोक्यात काही शिरलं की कुणाला विचारायला थांबायचं नाही. ढोकीच्या साखर कारखान्यात माझे मालक कामाला होते, तेव्हाची गोष्ट. शेजारणीचे भाऊ तेरला मास्तर. त्यांना ठसा चुकलेली नाणी जमवायचा नाद. एकदा आमच्याकडं चहा पिताना म्हणाले, "नाणं पलटलं की दोन्ही बाजू सरळ दिसाया पायजेत. मागचा सिंह उलटा आला, तर टांकसाळीत ठसा फिरला म्हणायचा. असं नाणं लाखात एखादं घावतं."

मला वडील आठवले. दुष्काळात ते खडी फोडायला जायचे. तिथल्या मजुरीत त्यांना एक बंदा रुपया आला होता. वारायच्या आधी तो माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "ह्यातला सिंह डोक्यावर उभाय. मोडू नको." आम्ही सगळे हसलो. मी तर, "आप्पा, उन्हानं तुमचंच डोकं फिरलंय," असंही बोलून गेले. त्या बोलण्याची पुढं फार लाज वाटायची. आप्पांचं खरं होतं, एवढं कुणीतरी सांगावं असं मला वाटत होतं.

मास्तर गेल्यावर मी डब्यातून तो रुपया काढला. आकडा वर धरला, खालची कड उचलली आणि पलटला. सिंह सरळ. पुन्हा पलटला, पुन्हा सरळ. मग डब्यातली बाकीची नाणी तशीच पलटून पाहिली, तर एकूण एक सिंह उलटे! डोकं चक्रावलं. लाखात एखादं घावणारं नाणं, आणि ती सगळी माझ्याच डब्यात? आणि आप्पांचं तेवढं चांगलं? कितीदा पलटली तरी तेच. शेवटी मीच निकाल लावला, की आप्पा भोळे, त्यांची नजर चुकली. वाईट वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, त्यांचा थोडा रागही आला.

दुसऱ्या दिवशी उलटी नाणी रुमालात बांधून तेरची एसटी धरली. रुमालाला हात लावायचा नव्हता, म्हणून तिकिटासाठी कंडक्टरच्या हातावर आप्पांचा रुपया ठेवला.

मास्तरांनी एकेक नाणं चिमटीत धरून फिरवलं. सगळे सिंह सरळ. मला काही कळेचना.

"ताई, तुमी कसं पलटिता, दावा बरं."

मी दाखवलं. ते हसले. "ही तव्यावरची भाकरी झाली. नाणं वहीच्या पानावानी पलटायचं. भाकरीवानी पलटलं तर चांगल्या नाण्याचाबी सिंह उलटाच येतो."

"आन् भाकरीवानी पलटून सरळ आला तर?"

त्यांचं हसू थांबलं. "तेच तर ठसा फिरलेलं. कुठाय ते?"

"त्याचं तिकीट काढलं," मी म्हणाले.

स्टँडवर धावत गेले तेव्हा गाडी केव्हाच निघून गेली होती. त्यानंतर हाती आलेला प्रत्येक रुपया मी पानासारखा पलटून पाहिला आहे.

मी सातवी पास. आप्पांनी जन्मात वही उघडली नव्हती. त्यांना ते पानासारखं पलटायचं कसं कळलं, हे मला अजून उमगलेलं नाही.