चालत्या गाडीला हाक मारायची न्हाई

त्या दुपारी दवाखान्यात आमी चौघं व्हतो. एक मी, सुमनची थोरली जाऊ. दुसरा तिचा नवरा, माझा धाकटा दीर, त्याला सगळी नाना म्हनत्यात. तिसरी तिची सून मनीषा. आन् चौथी रुक्मीन. ती आमच्या नात्यातली न्हाई, लातूरकडची हाय, कंपनीत कामाला जाती, पन त्या दिशी खाडा करून सुमनच्या पायथ्याशी बसली व्हती. पाचवा असायला पायजे व्हता त्यो सुमनचा लेक बाळू. त्यो दुसऱ्या पाळीची मानसं घिऊन गाडीवर व्हता. सुमनला सारखी धाप लागायची. मधीच डोळं उघडून तिनं इचारलं, "किती वाजलं, बाई?" मला ती बाईच म्हनायची. नानानं येळ सांगितली. "म्हंजी आत्ता महाळुंग्याच्या चौकात असंल," म्हनली, आन् डोळं मिटलं. त्ये तिचं शेवटचं बोलनं...

डाक्टर बघून गेलं. मनीषानं रडत रडत पिशवीतनं फोन काढला, म्हनली, "ह्यांना सांगते." नाना भिंतीला टेकून बसला व्हता. त्यानं उठून तिच्या हातावर हात ठिवला. म्हनला, "गाडी चालती हाय, पोरी." मनीषानं फोन परत पिशवीत टाकला. आन् आमी बसलो. मेलेल्या मानसाशेजारी बसून जित्याची वाट बघत बसलो. बाळूनं मानसं कंपनीच्या गेटात उतरवली, गाडी रांगेत लावली, मंग त्यानं आपनहून फोन केला. मनीषानं सांगितलं. मंग म्हनला, "बरं केलंत मघाशी सांगितलं न्हाई त्ये. गाडीत मानसं व्हती."

भावकीनं नंतर नावं ठिवली. आई गेली आन् पोटच्या पोराला कळवलं न्हाई म्हनली. त्यांचं बी बरोबर हाय, त्यांना ठावं न्हाई. म्हनून सांगायला बसले. बाळूची पोरगी, माझी नात, लिव्हून घेतीया. मी बोलते तसंच लिही म्हनलंय तिला.

आमी महाळुंग्याचीच. जमीन कंपनीत गेली तवा दोघा भावांनी बसगाड्या घेतल्या. कंपनीची मानसं घरनं आनायची, घरी सोडायची. ह्या पट्ट्यात गावोगावी त्यो धंदा हाय. माझा मालक लवकर गेला. मी दुसऱ्याच्या वावरात कांदं काढलं, विटा वाहिल्या, एकुलता विष्णू मोठा केला. सुमननं तिच्या ताटातलं त्याच्या ताटात वाढलं, कवा बोलून दाखवलं न्हाई. विष्णू मिसरूड फुटल्यापासनं गाड्यांच्या मागं, पुढं आमचीच गाडी चालवायला लागला. एक दिवस सकाळच्या पाळीला गाडी निघायलाच उशीर झाला. मंग काय, फोनावर फोन. कंपनीतनं फोन, थांब्यावरच्या बायांचा फोन, ह्याचा फोन, त्याचा फोन, भाऊ कुठपर्यंत आला. तळेगावच्या रस्त्याला कडंला एक ट्रेलर उभा व्हता. ह्यानं फोन उचलायला मान खाली घातली... गाडी मोकळी व्हती, एवढी देवाची दया. विष्णू जागेवर गेला.

सगळी म्हनली, चूक त्याचीच. मी बी म्हनले, त्याचीच. मेलेल्या लेकाची चूक झाकून काय करू. पन सुमन दहाव्याच्या दिशी घाटावर म्हनली, "चूक त्याची, बाई. पन त्याला हाक कुनी मारली? बोलवल्याबिगर कोन बोलतंय?" तवा मला त्याचा अर्थ लागला न्हाई. मी माझ्या दुक्खात व्हते.

तिसऱ्या म्हयन्यात तिनं गाड्यांचा कारभार हातात घेतला. नानाचं ध्यान उडालं व्हतं. अंगनाच्या कडंला पत्र्याची शेड, तीत एक टेबल, तिथं जाऊन बसली. पैल्यांदा तिनं बी सगळं मालक करत्यात त्येच केलं. ड्रायव्हर लोकांना उभं केलं आन् दम दिला, गाडीवर फोन उचलंल त्याला घरी बसवीन. पोरं व्हय काकी, व्हय काकी म्हनली. चार दिवस गेलं. एक गाडी यायला उशीर झाला, हिचा जीव थाऱ्यावर राहीना. हिनं फोन लावला. बाळूनं उचलला.

"कुठं हाईस रं?"

"मोशीच्या पुढं. आन् आई, नेम कुनी केला व्हता?"

"मी."

"मोडला कुनी?"

तिनं फोन ठिवला. मी शेजारी लसूण सोलत बसले व्हते. मला म्हनली, "बघा बाई, मीच. विष्णू गेल्याला वरीस न्हाई झालं, आन् मीच." मंग म्हनली, "ड्रायव्हरला बांधून उपयोग न्हाई. फोन करनाऱ्याला बांधाया पायजे."

त्या दिसापासनं तिचं काम फिरलं. गाड्यांवर ड्रायव्हरचं नंबर लिव्हलं व्हतं, त्ये तिनं रंग फासून घालवलं आन् शेडचा एकच नंबर लिव्हला. गाडी निघायच्या आधी ड्रायव्हरनं फोन बंद करून समोरच्या कप्प्यात ठिवायचा, गाडी लागली की काढायचा. ड्रायव्हरांच्या घरोघर गेली, बायांना सांगून आली, सासू आजारी असो न्हाईतर पोर पडलेलं असो, फोन मला करायचा, तुमचा मालक गाडी उभी करंल तवा मी त्याला सांगीन. एका बाईनं टोला हानला, "काकी, तुमी काय आमच्या सवती हाय का, मधी मधी यायला?" सुमन म्हनली, "रस्त्यावर असंस्तवर हाय. घरी आला की तुझा."

आता गाडी कुठं आली त्ये शेडात बसून कळायचं कसं? तर वाटंवरच्या मानसांना तिनं धरलं. चौकातला चहावाला, कमानीपाशी हार विकनारी बाई, पंक्चरवाला. आपली गाडी समोरनं गेली की त्यांनी शेडच्या फोनावर एक मिसकॉल द्यायचा. उचलायचा न्हाई, बोलायचं न्हाई. टेबलावरचा फोन एकदा वाजून गप झाला की सुमन म्हनायची, "हारवालीपाशी आली." कुनाचा फोन आला की बसल्या जागी सांगायची. दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली की त्या सगळ्यांना घरी जेवायला बोलवायची, बायांना चोळीचा खन द्यायची. पुढं बाळूनं गाड्यांना त्यो गाडी नकाशात दाखवनारा डबा बी बसवला. पन सुमन म्हनायची, नकाशात गाडी दिसती तरी मानूस फोन करतोच. त्याला गाडी नको असती, त्याला कुनावर तरी डाफरायचं असतंय.

लोक काय लगीच आयकत न्हाईत. लई भांडनं झाली. सगळ्यात जास्त भांडली ही रुक्मीन. पयलं कंपनीतल्या बाया काय करायच्या, खोलीतनं निघाया उशीर झाला की ड्रायव्हरला फोन, भाऊ दोन मिनटं थांबा, आलेच. त्यो बिचारा एका हातानं गाडी हाकीत थांबायचा. आता फोनच बंद, गाडी आली, थांबली, निघाली. रुक्मीन मागं राहिली. रिक्षा करून थेट शेडात आली, डोक्याला तेल न्हाई, हातात डबा.

"दोन मिनट थांबायला काय जातंय ओ तुमचं? मी पळत यायलेय आन् तुमची गाडी निघून जायलीय. खाडा पडला माझा."

"बस. च्या घे."

"च्या नको मला. खाडा भरून द्या."

सुमननं च्या तिच्यापुढं सरकवला आन् माझ्याकडं हात केला. "खाडा भरून निघंल, पोरी. हिचा एकुलता एक पोरगा फोन उचलताना गेला. त्यो भरून निघतोय का, तिला इचार."

मी मान वर केली न्हाई. लसूण सोलत राहिले. रुक्मीन काय विरघळली न्हाई. च्या प्याली आन् परत भांडली, म्हनली मावशीचं वाईट झालं, पन त्याला मी काय करू. सुमन म्हनली, "तू काय करू नको. खोलीतनं थोडी आधी निघ." दुसऱ्या दिशी रुक्मीन सगळ्यांच्या आधी थांब्यावर उभी. बोलत न्हवती, पन उभी व्हती.

मंग कंपनीत नवा साहेब आला. तरुन पोरगा, कामाला चोख. त्यानं सगळ्या गाडीवाल्यांना बोलवलं आन् सांगितलं, मला प्रत्येक ड्रायव्हरचा नंबर पायजे, गाडी उशिरा झाली तर मी थेट बोलनार. बाकीच्यांनी जागेवर दिलं. आमची सुमन म्हनली, माझा घ्या. त्यो म्हनला, "मावशी, गाडी बंद पडली तर?"

"बंद पडली म्हंजी उभी असंल, साहेब. मंग त्यो आपनहून सांगंल. आन् चालती असंल तर तुमाला काय बोलायचंय त्याच्याशी?"

"असं चालत नाही, मावशी. मला वर उत्तर द्यावं लागतं."

"मला बी द्यावं लागतं," म्हनली. "घरी."

साहेबानं काम काढून घेतलं. दुसऱ्या गाडीवाल्याला दिलं. आमच्या गाड्या अंगनात उभ्या राहिल्या. धंदा सगळा त्या एका कंपनीवर. कोंबड्यांनी चाकांखाली अंडी घातली. ब्यांकेचा मानूस फेऱ्या मारायला लागला. दोन ड्रायव्हर हात जोडून दुसरीकडं गेलं, त्यांना तरी काय म्हनायचं, लेकरं व्हती. नाना जेवता जेवता म्हनला, "एक नंबर देऊन टाक त्याला. गाड्या इकायची येळ येईल."

"कुनाचा दिऊ?" सुमन म्हनली. "बाळूचा दिऊ?"

नानानं घास तसाच ठिवला. पुन्हा त्यो विषय काढला न्हाई. सुमन रोज सकाळी गाड्या धुवायला लावायची, बाळू रोज इंजिन चालू करून बघायचा. गावातली हसायची. उभ्या गाडीला अंघोळ कशापायी, म्हनायची. मला बी वाटायचं, आता ह्ये सगळं जानार. जमीन गेली, मालक गेला, लेक गेला, त्यात गाड्या. पन मी तिला नंबर दे म्हनले न्हाई. माझ्या तोंडून त्ये निघालंच नसतं...

आन् मंग जे झालं त्ये आमी कुनी केलं न्हाई. नव्या गाडीवर जो ड्रायव्हर व्हता, त्यो फोन कान आन् खांद्यात दाबून गाडी हाकायचा. इंद्रायनीच्या पुलावर एकदा गाडी कठड्याला घासता घासता राहिली. बायांची बोबडी वळाली. रुक्मीन उठून त्याला म्हनली, फोन ठिवा. त्यो म्हनला, "ताई, साहेबाचाच फोन हाय. बसा गप." ती बसली. घरी गेली. आन् दुसऱ्या दिशी थांब्यावर गाडी आली तर ती चढलीच न्हाई. तिच्या मागच्या बी चढल्या न्हाईत. पुढच्या थांब्यावर त्यांचं फोन गेलं, तिथल्या चढल्या न्हाईत. मंग गडीमानसं बी खाली उभी राहिली. मोकळी गाडी कंपनीच्या गेटात गेली.

साहेब सोता आला थांब्यावर. रुक्मीननं मला त्ये इतक्या येळा सांगितलंय की मी तिथं व्हते असंच वाटतंय. साहेब म्हनला, पाळी बुडाली, सगळ्यांचा खाडा लागंल. रुक्मीन म्हनली, "लावा की ओ साहेब. खाडा भरून निघतंय."

साहेब उन्हात उभा राहिला. त्यानं बायांकडं बघितलं, रिकाम्या रस्त्याकडं बघितलं. मंग फोन काढला आन् शेडचा नंबर लावला. आमी जेवायला बसत व्हतो. सुमननं आयकून घेतलं. म्हनली, "गाडी पाठवते, साहेब. नंबर मागायचा न्हाई." पलीकडनं त्यो काय म्हनला ठावं न्हाई. सुमन म्हनली, "बरं," आन् फोन ठिवला. मंग ती माझ्याकडं बघून हसली. विष्णू गेल्यापासनं तिला हसताना मी बघितली नव्हती.

बाळूनं कप्प्यात फोन टाकला आन् चावी फिरवली. धुतलेली गाडी व्हती, एका झटक्यात सुरू झाली. गाडी चौकातनं निघाली तवा चहावाला गिऱ्हाईक सोडून रस्त्यावर आला. हारवालीनं चालत्या गाडीवर झेंडूची अख्खी पाटी उधळली. थांब्यावर बायांनी टाळ्या वाजवल्या, कुनी काचंला कुंकू लावलं. शेडातला फोन वाजून वाजून गप व्हायचा, परत वाजायचा. सुमन मला म्हनली, "चौकात आली, बाई... हारवालीपाशी आली... पुलावर गेली." मी हातातला लसूण खाली ठिवला आन् आयकत बसले. लेक गेल्यावर मी चारचौघात रडले नव्हते. त्या दिशी रडले, आन् त्ये रडनं वाईट न्हवतं.

साहेब वाईट मानूस न्हवता. पुढच्याच म्हयन्यात त्यानं कंपनीच्या गेटात पाटी लावली, चालत्या गाडीच्या ड्रायव्हरला कुनी फोन करायचा न्हाई, साहेबांनी बी न्हाई. त्या कंपनीचं बघून शेजारच्या कंपन्यांनी केलं. जे गाडीवाले हसायचे त्ये सुमनकडं इचारायला आले, काकी, त्ये मिसकॉलचं कसं करायचं. तिनं बसवून, च्या पाजून सांगितलं. त्यातलं काय बी हातचं राखून न्हाई ठिवलं. आता दिघीपासनं रावेतपातुर कितीक गाड्यांवर ड्रायव्हरचा नंबर नसतोय, हापिसचा असतोय. लोकांना ठावं न्हाई त्ये कुनी सुरू केलं. सुमनला त्याचं काय न्हवतं. सुमनच्या तेराव्याला त्यो साहेब आला व्हता. आता मोठा साहेब झालाय. फोटोसमोर उभा राहिला, जेवून गेला.

वाट बघनं लई अवघड असतंय. फोन करनं सोपं. सुमन म्हनायची, आपल्या सासूबाई बैलगाडी यीस्तवर उंबऱ्यात बसायच्या, कुठं फोन व्हता तवा, आन् गाडी यायचीच की. आता मी शेडात बसते. लोकांचं फोन येत्यात, मी सांगते कुठवर आली. कुनी चिडतंय, कुनी शिव्या देतंय, देऊ दे. माझ्या घरात आता कुनी कुनाला वाटंत फोन करत न्हाई. नात स्कूटीवर कालेजला गेली तरी न्हाई. पोचल्यावर तीच करती. तवर मी लसूण सोलत बसते.

ह्ये वाचनाऱ्यांना माझं एकच मागनं हाय. तुमचं मानूस ह्या घडीला रस्त्यावर गाडी चालवत असंल, तर त्याला फोन करू नका. तुमी मालक असा, साहेब असा, आई असा. त्याला पोचू द्या.