मिश्रीची डबी

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आम्ही तिघांनीही चक्क खोटं सांगितलं, आणि तिघांनाही ते खरं वाटत होतं.

आईच्या डाव्या गालातली जखम बघून त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, तंबाखू खातात का? अण्णा, म्हणजे माझे वडील, एकदम ताठ झाले. आमच्या घरात तंबाखूला कोणी शिवत नाही, म्हणाले. आईनं आणि मी माना डोलावल्या. आम्ही मूळचे निपाणीकडचे, अण्णांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे बंगलोरला बसवनगुडीत येऊन राहिलेले. आमच्याकडे तंबाखू म्हणजे पुरुषांनी चुन्याबरोबर मळून खायची. बायका दाताला लावायच्या ती मिश्री. ती तंबाखूच तव्यावर काळी भाजून कुटतात, हे काय आम्हाला ठाऊक नव्हतं? पण दंतमंजनाला तंबाखू कोण म्हणतं!

रेडियमच्या सुया लावून जखम भरली. आई घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून मिश्री लावायला लागली. पुढच्या तपासणीला डॉक्टर नेहमीसारखं ‘बायी तेगी’, तोंड उघडा, म्हणाले. आत बघितलं, मग तिच्या बोटाचा काळा शेंडा बघितला आणि भडकले. हे थांबलं नाही तर कॅन्सर परत येईल. पसरला तर आधी मानेत गाठ दिसेल, दर आठवड्याला मान चाचपून बघा.

मान बघायचं काम माझ्याकडे आलं. मी एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी, म्हणजे घरातली सर्वज्ञ. त्याच दिवशी मी आईची डबी मोरीत रिकामी केली आणि वर लांबलचक भाषण दिलं. आई खाली बघत "सरी", म्हणजे बरं, म्हणाली. शेजारणींच्या संगतीनं हा एक कन्नड शब्द तिच्या तोंडात बसला होता.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझी स्वतःची डबी माझ्या शाळेतल्या जुन्या कंपासपेटीत होती. सोळाव्या वर्षी दाढ दुखली तेव्हा पहिली चिमूट आईनंच लावली होती. तेव्हापासून सकाळी ती लावल्याशिवाय माझं डोकं ठिकाणावर येत नसे. सोडू, परीक्षा झाली की सोडू, असं माझं चाललं होतं.

दोन महिने आईच्या बोटाचा शेंडा स्वच्छ राहिला. मग एक दिवस मला तो परत काळा दिसला.

"हे काय?"

"चुलीची काजळी."

माझा काडीचाही विश्वास बसला नाही. मी पाळतच ठेवली. ती न्हाणीतून आली की मी जवळ जाऊन वास घ्यायची. ती देवळात गेली की पिठाचे, डाळीचे डबे चाचपायची. कुठं काही सापडेना, आणि बोट मात्र काळंच. मला तिचा संताप यायचा. तिच्याशिवाय हे घर कसं असेल, याची भीती त्याहून जास्त वाटायची, पण भीती मी कुणाला दाखवत नव्हते. संताप दाखवायला सोपा होता.

मग माझ्या डबीचा गुण गेल्यासारखा झाला. बोटभर लावली तरी डोकं ठिकाणावर येईना, दाताखाली कचकच लागे. दिवसेंदिवस ती फिकी होत गेली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आई माझ्या डबीतली मिश्री चोरते आणि मला कळू नये म्हणून वरून राख भरते! पण बोलणार कुठल्या तोंडानं? तुझी डबी कुठली, असं तिनं विचारलं असतं तर?

त्याच सुमारास तिनं मान दाखवायचं बंद केलं. सकाळचा गारठा आहे म्हणून पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला. "कालच अण्णांनी बघितली," म्हणायची. शेवटी मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "मी कशाला बघतोय? तू बघतेस ना दर रविवारी? तिनंच सांगितलं."

दुसऱ्या दिवशी मी दुपारचे तास बुडवले आणि मागच्या दारानं घरात शिरले.

आई स्वयंपाकघरात पाय पसरून बसली होती. पुढ्यात माझी डबी, उघडी. तिचं बोट डबीत होतं.

"सापडलीस!" मी ओरडले. "मरायचंय तुला? आम्ही काय करायचं मग?"

ती दचकली नाही. बाजूच्या खलबत्त्याकडे तिनं मानेनं खूण केली. खलात न्हाणीच्या चुलीतला करवंटीचा कोळसा होता, बारीक कुटलेला.

"रोज चिमूटभर काढून टाकते, तेवढाच कोळसा घालते," ती म्हणाली. सुया लावल्यापासून तिचा जबडा पुरता उघडत नसे, शब्द दातांतून यायचे. "एकदम सुटत नाही गं. माझं मला ठाऊक आहे, कसं सुटलं ते. आणि तुला लावली कुणी? मीच की."

तिनं मला हाताला धरून खाली बसवलं.

"बायी तेगी," ती डॉक्टरांसारखं म्हणाली. मी तोंड उघडलं. तिनं बोट घालून माझे दोन्ही गाल आतून हळूहळू चाचपले. बोटाला नुसत्या कोळशाची चव होती.

"काही नाही," ती म्हणाली आणि तिनं केवढा तरी श्वास सोडला.

मग मी तिच्या गळ्याभोवतीचा पदर सोडवला. या खेपेला तिनं हात धरला नाही. डाव्या कानाच्या खाली, जबड्याच्या कडेला, माझ्या बोटांना वाटाण्याएवढी टणक गाठ लागली.

"कधीपासून?"

"झाला की महिना."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर दवाखान्यात ठेवून घेतलं असतं," तिनं माझी डबी उचलून दाखवली. "मग हे कुणी केलं असतं? चौदा आणे कोळसा झालाय. दोन आणे मिश्री राहिलीय अजून."