बुटक्या भेदऱ्याचं बी कोणी नेलं?

मंडळी, आज सकाळी मी एका माणसाला चोर म्हटलं, म्हणून वाचनालयाच्या फळ्यावर हे लिहितो आहे.

आपलं जुनं बुटकं भेदरं, म्हणजे गुडघ्याएवढ्या झाडाचं टमाटर, गावातून नाहीसंच झालं होतं. शेजारच्या अनसूयाकाकूंनी जपलेल्या बियांतून माझ्याकडे एक झाड जगलं. त्याला एकच फळ धरलं. बियाण्यासाठी लाल दोरा बांधून राखलेलं ते फळ आज गायब!

काल जाम गावचा बियाणेवाला दुकानदार त्या झाडापाशी बराच वेळ वाकून उभा होता. मी त्याला चौकात गाठलं. "चोर आहात तुम्ही! घरचं बी संपलं की गाव तुमच्या दुकानात, हाच डाव ना?"

"भाऊ, मी तं फक्त पाहून राह्यलो होतो."

तेवढ्यात काकू आल्या. "काऊन बोंबलून राह्यला? मीच तोडलं. राखेत कालवून बी तीन घरच्या भिंतींले थापलं, म्हंजे पुढच्या पेरणीलोक टिकन."

"मले न विचारता?"

"मागं हेच बी तुले दिलं होतं, तं तू जुन्या बियाण्यावर भाषणं देत फिरला अन् वावरात हायब्रीड लावलं. तुह्यावर भरोसा कोण ठेवन?"

दुकानदाराची माफी मागितली. त्याच्या धंद्यावरचा संशय मात्र अजून गेलेला नाही. पण पहिली झडती आता माझ्याच वावराची. तुमच्या घरचं जुनं बी कोणी घालवलं, मंडळी?