फोन कोणी ठेवायचा

आमच्या अण्णांना फोन बंद करणं काही जमत नाही. जमत नाही म्हणजे, करायचाच नसतो. बोलणं संपलं की "बरं माय, ठेव मग," म्हणतात आणि चालू फोन सदऱ्याच्या खिशात टाकतात. आपण होऊन फोन कापणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार लावणं, असं त्यांचं मत. त्यात लेकीचा फोन असला तर विचारूच नका. मग मी गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये बसून गिरणारे गावातल्या आमच्या शेतातली पाण्याची मोटर ऐकते आणि ओरडते, "अण्णा, ठेवा ना आता!" खिशाला काय ऐकू येणार?

मी वेबसाईटी बनवते. गेल्या वर्षी अण्णांसारख्या फुलवाल्यांसाठी एक केली. शहरातल्या सोसायट्यांनी झेंडू थेट शेतातून मागवायचा. अण्णांसोबत शेती करणारे काका म्हणाले, असले खेळ सणाला नको, नेहमीसारखा बाजार गाठू. अण्णांनी ऐकलं नाही. माझ्या भरवशावर दसऱ्याचा सगळा झेंडू त्यांनी वेबसाईटवर लावला.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी फुलं तोडून पिकअपमध्ये भरली आणि वेबसाईट बंद पडली. अण्णांचा फोन आला. "माय, कुठं कुठं पोचवायचं ते दिसंना."

"थोडं थांबा अण्णा. करते मी."

"बरं माय, ठेव मग." आणि फोन गेला खिशात.

मी सर्व्हर बंद करून चालू केला. जरा वेळ चालला, पुन्हा ठप्प. टेबलावरच्या फोनमधून काका ऐकू येत होते. "भाव आत्ता हाय. दुपारी कोन विचारनार? चल, गाडी काढ." मी घाईघाईनं कोड उघडला.

वेबसाईटवर कोणी काही मागितलं की त्या मागणीसाठी डेटाबेसशी, म्हणजे माहितीच्या साठ्याशी, एक कनेक्शन उघडतं. ही कनेक्शनं मोजकीच असतात. काम झालं की परत द्यायचं, मग ते पुढच्याला मिळतं. पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरी बसत नाही, तसंच. आमच्याकडे ऑर्डर मिळालेली माणसं नीट उठून जात होती. पण एखाद्या शेतकऱ्याची फुलं संपली, ऑर्डर नाकारली गेली, की ते कनेक्शन परत न येता तसंच अडकून राहायचं. एरवी कोणाची फुलं संपायची नाहीत, म्हणून कळलंच नाही. आज सणाची झुंबड. नाकारलेल्यांनीच सगळी पंगत अडवली होती. कोड माझाच, शिव्या तरी कोणाला घालणार?

एकेक जागा दुरुस्त करायला वेळ नव्हता. मी कनेक्शन उघडणं आणि मिटणं दोन्ही एकाच ठिकाणी आणलं. मागणी आली की उघडायचं. ती जाताना, काम होवो न होवो, मिटायचंच. पुन्हा सर्व्हर चालू केला आणि देवाचं नाव घेत बघत बसले. ऑर्डरी नाकारल्या जात होत्या, तरी वेबसाईट चालत होती.

जरा वेळानं फोनमध्ये खरखर झाली. अण्णांनी खिशातून काढून बघितलं असावं. "आलं रे, दिसाया लागलं," ते काकांना म्हणाले. मला काहीच नाही, कारण मी फोन ठेवला आहे अशी त्यांची खात्री. फोन परत खिशात. पिकअपचं दार आपटलं.

"नशीब तुझं," काका म्हणाले. "बंदच राहिलं असतं तर?"

"तर फुलं बांधावर पडली असती," अण्णा शांतपणे म्हणाले. "पोरगी थांबा म्हनली. तिचा शब्द नसता खाली पडू दिला."

मला रडू आलं. त्या दिवशी मी ओरडले नाही. फोन तसाच चालू ठेवून, पिकअप शहरात शिरेपर्यंत, खिशातलं सगळं ऐकत बसले.