गुनहिल्डच्या फळ्या

आमच्या बेटावर गुनहिल्डचं नाव काढलं की माणसं अजून थुंकतात. थुंकू देत. मी तिचा शेजारी, माशांची पिंपं बनवणारा, आणि मी सांगणारच.

अठराशे ब्याऐंशीच्या नोव्हेंबरात 'अडेलिया' हे शिडाचं मालवाहू जहाज आमच्या खडकावर आपटून फुटलं. आत नुसत्या पाइनच्या फळ्या. मिशिगन सरोवराने त्या सगळ्या किनाऱ्यावर आणून टाकल्या आणि अख्खं गाव घोडे जुंपून धावलं. माझी कंबर धरली होती, नाहीतर मीही धावलो असतो, खोटं कशाला बोलू? त्या फळ्यांतच टोर्केल सापडला, बुडून मेलेला. गुनहिल्डचा नवरा, त्याच जहाजावरचा खलाशी. लोकांनी त्याला बाजूला ओढून ठेवलं आणि गाड्या भरल्या.

मग जहाजमालकाचा माणूस आला. ज्याच्याकडे फळी सापडेल त्याला तुरुंगात घालीन म्हणाला. झालं, गावाने कानावर हात ठेवले. फळ्या गेल्या गवताच्या गंजीखाली, माळ्यावर, डुकरांच्या गोठ्यात.

इकडे गुनहिल्डला नवऱ्यासाठी पेटी हवी. जमीन गोठायच्या आत त्याला पुरायला हवं, आणि बेटावर लाकूड कापायची गिरणी नाही. माझ्याकडे पिंपाच्या वाकड्या पट्ट्या, त्यांची काय पेटी होणार? ती दारोदार फिरली. एक फळी देणं म्हणजे चोरी कबूल करणं, म्हणून बायका दार अर्धंच उघडत आणि तिथूनच डोळे पुसत. फळ्या? आमच्याकडे कुठल्या, बाई! पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. त्यांचा माळा तर वाकला होता. लाज कोळून प्यालेली माणसं!

शेवटचं दार ओस्मुंडचं, टोर्केलच्या सख्ख्या भावाचं. मी तिच्यासोबत होतो. माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "याच्याकडे पिंपं आहेत की. घाल एकात. जन्मभर मासेच तर खाल्ले त्याने."

माझा हात उठला. गुनहिल्डने तो धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "पिंपात मावायचा नाही तो. उंच होता."

तिथून ती तडक धक्क्यावर गेली, मालकाच्या माणसाला घेऊन आली आणि घराघरासमोर उभी राहून नुसतं बोट दाखवत गेली. अर्ध्या उघडलेल्या दारांतून ओल्या पाइनचा वास येत होता, ती काय नाक बांधून फिरली होती? पहिला निघाला ओस्मुंडचा गोठा. तो तिला अवदसा म्हणाला. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

मालकाचा माणूस खूश; माल मिळाला, आणि अख्खं गाव तुरुंगात कुठे घालणार? काय हवं, असं त्याने तिला विचारलं.

"दोन पेट्यांपुरत्या फळ्या."

मी एकच पेटी केली. दुसरी कुणाची, म्हणून मी विचारलं. उरलेल्या फळ्या तिने चुलीमागे भिंतीला लावून ठेवल्या.

गावाने तिला वाळीत टाकलं. तिच्याशी कुणी बोललं नाही, चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसलं नाही. अशी पंचवीस वर्षं ती त्यांच्याच मधे राहिली, ताठ मानेने.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. दुसऱ्या दिवशी दार वाजलं. ओस्मुंड, म्हातारा झालेला, टोपी हातात, मागे घसरगाडीवर फळ्या. पेटीला लागतील म्हणून आणल्यात, म्हणाला.

मी दार अर्धंच उघडलं होतं.

"तिच्याकडे तिच्या आहेत," म्हणालो, आणि दार लावून कामाला लागलो.