खेळाचा रिकामा चौकोन

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात होते. तुआसला कामावर जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोतच, त्याच्या छातीत कळ आली, आणि हॉस्पिटल गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता सात आठवडे झाले. कागदपत्रं झाली, त्याची खोली रिकामी करून झाली. उरला तो आमच्या फ्रिजवरचा त्याच्या हातचा एक कागद.

माझा हा मोठा भाऊ मरीन इंजिनिअर. आधी जहाजांवर, मग तुआसच्या शिपयार्डात. लग्न केलं नाही. रविवारी आमच्याकडे जेवायचा. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी मी माझ्या मुलीच्या, तन्वीच्या मार्कांचं कौतुक सांगत होते. तिची शाळा अमेरिकन पद्धतीची. विषय पूर्ण केला की क्रेडिट मिळतं, चार वर्षांत चोवीस झाली की डिप्लोमा, आणि डिप्लोमा असेल तरच युनिव्हर्सिटी. तन्वीची सव्वीस होणार होती.

दादा म्हणाला, "मार्क राहू दे. नियम दाखव."

शाळेचं नियमांचं पुस्तक त्यानं पानापानानं वाचलं. आमटी गार झाली. मग त्यानं विचारलं, खेळाची किती? हवी होती दोन, तन्वीचं होतं एक. दहावीत खेळ सोडून जादा फिजिक्स घ्यायला मीच सांगितलं होतं. खेळ हा काय विषय आहे, असं म्हणत फॉर्मवर न वाचता सही केली होती. पण एकूण दोन जास्त आहेत ना, असं मी म्हणून पाहिलं.

"सुमे, फिजिक्सच्या टाकीतलं खेळाच्या टाकीत ओतता येत नाही. आमच्या बॅचमधला सगळ्यात हुशार पोरगा... बोटीवरचे अकरा दिवस कमी भरले, तर परीक्षेला बसू दिलं नाही त्याला."

त्यानं लगेच कागदावर विषयांचे रकाने आखले, क्रेडिटला एक चौकोन. नियमही घातला, इंजिनरूममधलाच: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खूण करायची नाही. दुसऱ्या दिवशी रजा काढून तो माझ्याबरोबर शाळेत आला. मी वाद घालायच्या तयारीनं गेले होते. त्यानं फक्त विचारलं, हे एक क्रेडिट अजून कसं भरता येईल? उत्तर मिळालं, वर्षभर शाळेआधी पोहण्याचा वर्ग.

"मामा, इतक्या सकाळी कोण उठतं, lah?" तन्वी इथल्या पोरांसारखा शेवटी 'lah' जोडून कुरकुरली.

"मी."

तेव्हापासून रोज पहाटे सव्वापाचला त्याचा फोन यायचा. गेला त्या दिवशीही आला होता. त्याचे दिवस होईपर्यंत शाळेनं तन्वीला पोहण्याच्या वर्गातून सूट देऊ केली. ती नको म्हणाली. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिला उठवायला गेले, तर ती पोहायची बॅग खांद्याला लावून दाराशी उभी.

"मामाने गैरहजेरी मांडली असती," एवढंच बोलली आणि बससाठी निघाली.

गेल्या आठवड्यात शाळेचं शेवटचं प्रगतिपत्रक आलं. तन्वीनं ते वाचलं आणि फ्रिजवरची पेन्सिल माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, पोहलीस तू, खूण तू कर.

"तू कर, आई. पण आधी वाच."

मी चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत सगळं वाचलं, आणि मगच खेळाच्या दुसऱ्या चौकोनात खूण केली.